कच्चा लाल

फ्रेडाची माय गेली तेव्हा तिला जे लुगडं नेसवून पुरायचं ठरलं होतं, ते घरात नव्हतं.

लाल चौकटीचं, हिरव्या किनारीचं ते लुगडं मायला तिच्या सासूकडून आलेलं. मरोळच्या गावठाणात पूर्वी सगळ्याच बायका असली लुगडी नेसायच्या. मग फ्रॉक आले, पंजाबी ड्रेस आले, लुगडी पेट्यांत गेली आणि पेट्यांतून बोहारणीकडे. मायने आपलं सांभाळलं. आजारपणात तिचं एकच मागणं होतं. "मला मॅक्सीत नेऊ नको. लुगड्यात ने."

फ्रेडा हो म्हणायची. लुगडं तेव्हा एमिलियाकडे होतं.

एमिलिया तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एकाच शाळेत शिकलेल्या, चर्चच्या क्वायरमध्ये शेजारी उभ्या राहून गायलेल्या. फ्रेडाने लग्न केलं नाही. एमिलियाचा मुलगा ॲश्टन झाला तेव्हा बाप्तिस्म्याला गॉडमदर म्हणून तीच उभी राहिली. पुढे फ्रेडाने नोकरी सोडली, विणकाम शिकली आणि मायचं लुगडं समोर ठेवून तीच चौकट हातमागावर उतरवायच्या मागे लागली. गावठाणाने तिला वेड्यात काढलं. एमिलियाने नाही काढलं. ती म्हणाली, "तू विण, मी विकते."

आणि तसं झालंही. पडवीत माग बसला. मागच्या चाळीतली रुक्मिणी सूत रंगवायला आणि बॉबिनी भरायला येऊ लागली. तिचे वडील मालवणकडचे, परळच्या गिरणीत रंगखात्यात होते. रंगाची समज तिला घरातूनच मिळालेली. फ्रेडा दिवसभर मागावर बसून धोटा फेकायची, एमिलिया प्रदर्शनं गाजवायची. लुगडी थोडी निघायची, पण त्याच चौकटीच्या शाली, ओढण्या, टेबलावरची कापडं हातोहात जायची. एमिलियाला बोलता येत होतं. समोरच्या बाईला नुसता पदर दाखवून ती तिच्या आजीची आठवण करून द्यायची.

मग एकदा ती म्हणाली, "मायचं लुगडं दे गं जरा. फोटो काढून घेते." फ्रेडाने दिलं. मायची तब्येत तेव्हा बरी होती. नंतर बिघडली तशी फ्रेडा विचारू लागली, आणि एमिलिया उद्या आणते, परवा आणते म्हणत राहिली.

माय गेली त्या दुपारी शेजारच्या बायका मायला आंघोळ घालत होत्या, तेव्हा फ्रेडा स्वतः एमिलियाकडे गेली.

एमिलियाने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत लुगड्याचे तुकडे होते. चौकटीचा एक, किनारीचा एक, पदराचा अर्धा. कडा कात्रीने दातेरी कापलेल्या, आणि दोन तुकड्यांना पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचलेली.

"नमुन्याला द्यावं लागलं गं," एमिलिया म्हणाली. "भिवंडीचा माणूस म्हणतो, कापड हातात असल्याशिवाय मशीनवर डिझाइन बसत नाही. मी तुला सांगणारच होते. तू एकटी किती विणणार? मला दुकान टाकायचंय." मग तिने कपाटातून आणखी एक घडी काढली, पॉलिथिनमधली, कडक. "हे घे. सेम टू सेम आहे. हेच नेसव तिला."

फ्रेडा घडीकडे बघत राहिली.

"मायला काय कळणार आहे आता?" एमिलिया हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाली.

फ्रेडाने घडी घेतली नाही. पिशवी घेतली आणि घरी आली. मायला चर्चला जायच्या पांढऱ्या साडीत नेलं. लुगड्याचं काय झालं असं बायकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कसर लागली. कबरीशी एमिलिया तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि सगळ्यांत मोठ्याने रडत होती. तो हात फ्रेडाने झटकला नाही. तिला त्या वेळी एवढंच वाटत होतं की हा हात इथे आहे हे आपण विसरता कामा नये.

एमिलियाचं दुकान मेट्रो स्टेशनच्या गल्लीत उघडलं. पाटीवर "अस्सल हातमागाची लुगडी" असं लिहिलेलं. आत भिवंडीच्या गठड्या. फोनवर तिचे व्हिडिओ यायचे, त्यांत ती मागावर बसून हसत धोटा हातात धरायची. माग फ्रेडाचा होता. जुनं चित्रण होतं. खाली लिहिलेलं असायचं, माझ्या मागावरून तुमच्या घरी.

रुक्मिणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "गो, तू गप कशी बसतंस? फादरांका तरी सांग."

"फादर म्हणतील, माफ कर."

"मग लोकांका सांग."

"लोक च्यक् च्यक् करतील. दोन दिवस तिला नावं ठेवतील, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच दुकानात जातील." फ्रेडा तुटलेला धागा गाठत होती. "मला च्यक् च्यक् नकोय."

तिला काय हवंय ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एमिलियाशी ती भांडली नाही. रस्त्यात भेटली तर मान हलवायची. गावठाणाला वाटलं, धंद्यावरून काही बिनसलं असेल, होतं असं. फ्रेडा विणत राहिली, मिळेल त्या गिऱ्हाइकाला देत राहिली. गिऱ्हाईक कमी झालं होतं. एमिलियाच्या दुकानात तसंच लुगडं लगेच मिळत असताना फ्रेडाकडे महिनाभर थांबायला कोण तयार होणार?

असं वर्ष गेलं, दुसरं सरत आलं, आणि ॲश्टनचं लग्न ठरलं.

तो रविवारी चर्चमधल्या मासनंतर फ्रेडाकडे आला. लहानपणापासून यायचा तसाच, न विचारता स्वयंपाकघरात जाऊन बरणीतल्या नानकटाया घेऊन. आईचं आणि फ्रेडा आंटीचं नेमकं काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आंटी, मम्मीसाठी एक लुगडं विणशील? लग्नात नेसायला. उंबराच्या पाण्याला."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवऱ्याला न्हाऊ घालायचं, ही गावठाणाची जुनी रीत. पहिली कळशी नवऱ्याच्या आईची.

"तिच्या दुकानात ढीगभर आहेत," फ्रेडा म्हणाली.

"ती मशीनची. मला माहीत आहे गं, मी काय लहान आहे?" तो खाली बघून बोलत होता. "पाण्याला सगळ्या म्हाताऱ्या येणार. मम्मीची वसईची मावशी येणार. त्या बोटांत धरून ओळखतात. मम्मी घाबरलीये."

"तिने पाठवलं तुला?"

ॲश्टनला खोटं बोलता यायचं नाही. "अर्धं तिने, अर्धा मी. मला खरंच वाटतं तिने तुझ्या हातचं नेसावं. पण ती म्हणते..." तो थांबला. "ती म्हणते, कुणी विणलं ते सांगायचं नाही. तिचे कस्टमरपण येणार आहेत ना. फोटोवाला येणार आहे."

आत कुठेतरी दीड-दोन वर्षं सैल पडलेला मागाचा ताणा कुणीतरी खेचून बांधावा तसं फ्रेडाला झालं.

"विणते," ती म्हणाली. "सांग तिला, कुणाला सांगणार नाही."

ॲश्टनने तिला मिठी मारली. ती तशीच उभी राहिली. आपल्याला या पोराचं वाईट वाटतंय हे तिला कळलं, आणि तरी आपण थांबणार नाही हेही कळलं.

रंगवायच्या दिवशी रुक्मिणीने नेहमीसारखं पाणी तापवलं, रंग कालवला, मीठ टाकलं. लाल सुताच्या लड्या पातेल्यात फिरवल्या. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, लड्या झाल्यावर सोडा घालायला तिने डबा उघडला. त्या लड्या पक्क्या झाल्या. मग बाण्याच्या, आडव्या सुताच्या, लड्या आल्या तेव्हा फ्रेडाने तिच्या हातातून सोड्याचा डबा काढून घेतला.

"ह्यांना नको."

"सोडा नाय घातलास तर रंग बसायचो नाय. पाणी लागला की जायत सगळो."

"हो."

रुक्मिणी पातेल्याकडे बघत राहिली, मग फ्रेडाकडे. "ताण्याक कित्याक घातलास मग?"

"ताण्याला खळ लावावी लागते. ओला होतो. तिथेच सुटला तर विणता कसा येईल?"

"म्हणजे तू सगळा ठरवलंस." रुक्मिणीने फडक्याला हात पुसले. "कोणाचा आसा ह्या?"

"एमिलियाचं. उंबराच्या पाण्याला नेसणार आहे."

चुलीवर लाल पाणी उकळत होतं. रुक्मिणी म्हणाली, "त्या पोराचा लग्न आसा गो." फ्रेडाने सोड्याचा डबा फळीवर ठेवला. मग रुक्मिणीने स्वतःच काठी घेतली आणि लड्या पातेल्यातून उचलून पिळल्या. कोपरापर्यंत तिचे हात लाल झाले. ते साबणाने घासताना ती एवढंच बोलली, "तुझ्या मायक मी पण आंघोळ घातलेली. पांढऱ्या साडीत ती ओळखाक येत नव्हती."

फ्रेडाने त्या लुगड्यावर जीव ओतला. इतकं चांगलं तिने कधीच विणलं नव्हतं. चौकट चौकटीला भिडलेली, पिवळी रेघ केसासारखी बारीक, किनार कुठे ओढली गेलेली नाही. मुद्दाम वाईट विणलं असतं तर एमिलियाने नेसलंच नसतं, हे एक. पण तेवढंच नव्हतं. धोटा फेकताना तिची बोटं लाल व्हायची, घाम आला की मनगटावर ओघळ उतरायचा, आणि ती पंखा मोठा करून, हात पुसून पुन्हा बसायची. मायचे तुकडे तिने मागाच्या आडव्या दांडीवर टाचून ठेवले होते. त्यांच्याकडे बघून ती विणत होती.

ॲश्टन न्यायला आला तेव्हा तिने घडी कागदात गुंडाळून दिली. "सांग तिला, आधी धुवू नको. इस्त्रीला पाणी मारू नको, चमक जाते."

"किती सुंदर आहे गं," तो म्हणाला.

"हो. आहे."

डिसेंबरातली संध्याकाळ होती. गल्लीत दिव्यांच्या माळा, मांडवाला आंब्याची पानं, ब्रास बँडवाले लाल कोट घालून आलेले. फ्रेडाला आमंत्रण होतं, गॉडमदर होती ती. ती मायची जुनी सोन्याची कुडी घालून गेली आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली.

एमिलिया बाहेर आली तेव्हा बँडवाल्यानेसुद्धा क्षणभर सूर सोडला. पांढरा लेसचा ब्लाउज, केसांत अबोली, आणि अंगावर ते लुगडं. म्हाताऱ्या पुढे झाल्या. वसईच्या मावशीने पदर दोन बोटांत धरला, चोळला, मान डोलावली. "हे खरं आहे गो. कुठे मिळालं?"

"मिळतंय कुठे मावशी, विणून घेतलं. माझ्याच मागावर," एमिलिया म्हणाली. फोटोवाल्याने तिला वळायला सांगितलं, ती वळली. दुकानाच्या चार-पाच गिऱ्हाइकणी उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल असं ती पुढे म्हणाली, "आमच्याकडे सगळं हाताचंच. रंगाची गॅरंटी."

वळताना तिची नजर फ्रेडावर पडली. ती हसली. थँक्यू म्हणावं तसं नाही. भागलं एकदाचं, तसं.

फ्रेडापण हसली.

विहिरीवर पूजा झाली, नारळ, विडा, थोडी दारू विहिरीला दिली. एमिलियाने पहिली कळशी काढली, डोक्यावर घेतली. तांब्याची कळशी, काठोकाठ भरलेली. मोकळी नेली तर अपशकुन. बँड वाजायला लागला, बायका नाचायला लागल्या, आणि नाचत्या बायकांत चालताना कळशीतलं पाणी हिंदकळलं.

पहिल्यांदा एक लहान मुलगी ओरडली. "आंटीला रक्त आलं."

डोक्यावरच्या पदरातून लाल ओघळ कानापाशी उतरला होता. एमिलियाने हात लावला, बोटं लाल. तिला वाटलं कळशीचा काठ लागला. तिने कळशी सावरली, तसं आणखी पाणी सांडलं, आणि मग ते थांबेना. गळ्यावरून, लेसच्या ब्लाउजवरून, हातांवरून लाल पाणी वाहत होतं. हिरवी किनार तेवढी हिरवी राहिली होती. पिवळी रेघ कुठे दिसत नव्हती.

"रक्त नाही," वसईची मावशी म्हणाली. "रंग सुटलाय."

कळशी खाली ठेवायची नसते. एमिलिया तशीच चालत मांडवात आली. ॲश्टन पाटावर बसला होता, पांढरा सदरा घालून. तिने कळशी ओतली. पाणी स्वच्छ होतं, पण तिच्या बाहीवरून उतरणारं त्यात मिसळलं आणि त्याचा सदरा छातीवर लाल झाला. बँड गप्प झाला.

दुकानाच्या गिऱ्हाइकणींपैकी एक बाई दुसरीला म्हणाली, आणि सगळ्यांनी ऐकलं, "मी लेकीसाठी तीन घेतलीत हिच्याकडून."

"माझी अशी नसतात," एमिलिया म्हणाली. "हे... हे माझ्याकडचं नाही."

"आत्ता तर म्हणालीस, तुझ्या मागावरचं," मावशी म्हणाली.

एमिलियाने फ्रेडाकडे बघितलं. फ्रेडा हलली नाही. हाच क्षण तिने इतके दिवस मागावर बसून पाहिला होता: एमिलियाला एकतर हा सुटणारा रंग आपला म्हणून घ्यावा लागेल, नाहीतर तिचं नाव घ्यावं लागेल. ती काय करते याची फ्रेडा वाट बघत होती.

"हे फ्रेडाने विणलंय," एमिलिया ओरडली. "तिने मुद्दाम केलंय हे."

मांडवातली सगळी डोकी वळली.

"मीच विणलंय," फ्रेडा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "एमिलियाच्या घरात माग नाही. कधीच नव्हता. दुकानातलं सगळं भिवंडीच्या मशीनवरचं आहे. तुम्ही सगळ्या विचारत होता ना, माझ्या मायच्या लुगड्याचं काय झालं? कसर नव्हती लागली. हिने कापलं. नमुन्यासाठी. माय घरात मरून पडली होती तेव्हा हिने मला तुकडे दिले आणि म्हणाली, तिला काय कळणार आहे आता."

एमिलियाने नाकारायला सुरुवात केली, पण नेमकं काय नाकारायचं ते तिला सुचलं नाही, आणि ती पाटाशेजारी खाली बसली, लाल पाण्यात. वसईच्या मावशीने तिला उठवलं नाही. तिने फक्त अंगावरची शाल काढून ॲश्टनच्या खांद्यावर टाकली.

फ्रेडा चालत घरी आली. कुडी काढून डबीत ठेवली, भात लावला आणि पोटभर जेवली. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं लोक म्हणतात. फ्रेडाला मिळालं. मायच्या मागे इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती.

लग्न दुसऱ्या दिवशी झालं. एमिलिया दुसरी साडी नेसून आली. गळ्याचा लाल डाग पावडरखालूनही दिसत होता म्हणतात. फ्रेडा गेली नाही. पुढच्या आठवड्यापासून बायका दुकानात लुगडी परत घेऊन जायला लागल्या. भिवंडीचा रंग काही सुटत नव्हता, पण ते आता कोण ऐकतं? पाटीवरचे "अस्सल हातमागाची" हे शब्द एमिलियाने खरवडून काढले, आणि उन्हाळ्याच्या सुमाराला दुकानात मोबाइलची कव्हरं आली.

पण फ्रेडाकडेही गर्दी झाली नाही. रुक्मिणीनेच तिला सांगितलं, चाळीत आणि गावठाणात काय बोलतात ते. बाई विणते छान, पण मनात आलं तर कच्चा रंग घालेल. आपलं तिच्याशी कधी वाकडं झालं तर? मायची हकिगत ऐकून रडलेल्या बायकासुद्धा मुलीच्या लग्नाचं लुगडं सांगायला आल्या नाहीत. काही परगावच्या बायका येत राहिल्या, तेवढ्यावर माग चालला.

ॲश्टन आला तो लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी. आत आला नाही, पडवीत मागाच्या पलीकडे उभा राहिला.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"मायच्या लुगड्याचं मला माहीत नव्हतं. मम्मीने चुकीचंच केलं. मी तिला तोंडावर सांगितलं." तो मागावरच्या कापडावर हात ठेवणार होता, त्याने मागे घेतला. "पण लुगडं मागायला मी आलो होतो, आंटी. ती नव्हती आली."

"मला माहीत आहे."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू तिला माझी माफी मागायला लावलं असतंस. ती रडली असती. मला माफ करावं लागलं असतं."

"मग ते वाईट झालं असतं?"

फ्रेडाने विचार केला. त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "मला माफीने पुरलं नसतं."

तो पायरीकडे वळला. मग म्हणाला, आम्ही मुलुंडला घर घेतलंय, बायकोचं ऑफिस तिकडे जवळ आहे. पत्ता सांगितला नाही. जाताना तो तिच्या पाया पडला नाही, तेही त्याने लहानपणापासून कधी चुकवलेलं नव्हतं. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत फ्रेडा बघत राहिली. मग तिने मागाची पायपट्टी दाबली आणि धोटा फेकला, पण सूत तुटलं, आणि त्या दिवशी तिने ते गाठलं नाही.

ईस्टरच्या रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. उशीर झाल्याने फ्रेडाला मागच्या बाकावर जागा मिळाली, आणि पुढच्याच बाकावर एमिलिया होती. एकटी. पाठमोरी ती म्हातारी वाटत होती. केस रंगवायचे तिने सोडले होते.

फादर म्हणाले, एकमेकांना शांतीचं अभिवादन करा. सगळं चर्च हललं. लोक डावीकडे वळले, उजवीकडे वळले, हात जोडू लागले, पोरं उगाच दहा जणांना नमस्कार करत सुटली. एमिलिया मागे वळली. फ्रेडा दिसल्यावर ती थबकली, पण परत फिरली नाही. तिने हात जोडले. डोळे भरले होते, आणि या वेळी ते पाणी खोटं नव्हतं. फ्रेडा तिला आयुष्यभर ओळखत होती, तिला फरक कळत होता.

फ्रेडाने बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले होते. ते तिने तिथेच ठेवले.

एमिलिया हात जोडून उभी राहिली. आजूबाजूचे बघत होते. क्वायर सुरू झाला, लोक पुन्हा वेदीकडे वळले, तरी ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिने हात सोडले आणि पाठ फिरवली.

फ्रेडा पुढच्या प्रार्थनेला बसली आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणू लागली.